‘रीफर गुरुवारपर्यंत ऑफ’: ‘पुट ऑफ’ या क्रियापदाचं एक प्रकरण

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातल्या एका द्राक्ष निर्यात करणाऱ्या पॅकहाउसमधलं आहे. माणसांची आणि पॅकहाउसची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. प्रसंग, संदेशातली इंग्रजी वाक्यं आणि त्यावरचे निर्णय घडले तसेच दिले आहेत. मी त्या भागात नोकरी करणाऱ्यांना इंग्रजी शिकवते. घोटाळा निस्तरल्यावर मला तिथे बोलावलं, तेव्हा मी सगळे संदेश तारीखवार वाचले आणि संबंधितांशी बोलले. ‘पुट ऑफ’ शाळेपासून सगळ्यांच्या ओळखीचं आहे. तरीही ते अडवतं कुठे, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसतं.

पार्श्वभूमी

मार्चचा पहिला पंधरवडा, म्हणजे युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा ऐन हंगाम. या पॅकहाउसचा माल नेदरलँड्समधल्या एका खरेदीदाराकडे जातो. त्या आठवड्यात दोन कंटेनर भरायचे होते. पहिल्याचा माल सोमवारी तुटून पॅक झाला होता, तो मंगळवारी भरायचा होता. दुसऱ्याची तोडणी मंगळवारी आणि लोडिंग बुधवारी. दोन्ही रिकामे रीफर, म्हणजे थंड ठेवणारे कंटेनर, सोमवारी संध्याकाळीच न्हावा शेवा बंदरातून आवारात येऊन उभे राहिले होते आणि भरण्याआधी गार व्हावेत म्हणून वीज जोडून चालू केले होते.

या कामात तोडणीची वेळ सगळं ठरवते. माल पहाटेच्या गारव्यात तोडतात, क्रेटमधून पॅकहाउसला आणतात, बायका घड साफ करून वजन करून पेटीत भरतात, वर ग्रेप गार्डचा, म्हणजे बुरशी रोखणारा, कागद ठेवतात आणि पेट्या प्री-कूलिंगला, म्हणजे माल झपाट्याने गार करायला, जातात. घडाचा देठ हिरवा राहिला तर माल ताजा. देठ तपकिरी पडू लागला की मणी कितीही चांगला असला तरी समोरचा नाक मुरडतो. म्हणून जहाज एक दिवस पुढे गेलं तर तोडणीही एक दिवस पुढे न्यावी, एवढीच खरेदीदाराची साधी अपेक्षा असते.

पॅकहाउसमध्ये परदेशाशी बोलणारी दोन माणसं. एक, निर्यातीची कागदपत्रं सांभाळणारी चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, बी.कॉम. झालेली, तिला सगळे ताई म्हणतात. दुसरे, रात्रपाळीचे सुपरवायझर, पन्नाशीचे. त्यांना सगळे काका म्हणतात. काकांचं इंग्रजी कामापुरतं, पण कोल्डरूमचं ज्ञान असं की तापमान बघायला त्यांना काटा लागत नाही. खरेदीदाराचे संदेश एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात आणि तो ग्रुप दोघांच्याही फोनवर असतो.

काय घडलं

सोमवारी रात्री दहाला खरेदीदाराचा संदेश आला. मार्चमध्ये नेदरलँड्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथे ऑफिस सुटायची वेळ. वाक्य असं होतं: ‘कॅन वी पुट द सेकंड रीफर ऑफ टिल थर्सडे?’

त्याचं म्हणणं होतं, दुसरा कंटेनर गुरुवारवर ढकलता येईल का. जहाजाचं वेळापत्रक एका दिवसाने सरकलं होतं.

काकांनी वाचलं: दुसरा रीफर गुरुवारपर्यंत ऑफ ठेवायचा. त्यांनी उठून वायरमनला सांगितलं आणि दुसऱ्या कंटेनरची वीज बंद केली. कशाला बंद करायला सांगतोय, असा प्रश्न त्यांना पडला होता. त्याचं उत्तरही त्यांनी स्वतःच जुळवलं: यंत्रात काही दोष सापडला असेल, कंपनीचा माणूस येऊन बघणार असेल, नाहीतर रिकामा डबा रात्रभर चालवायचा खर्च नको असेल. तोडणीची टोळी मात्र ठरल्याप्रमाणे पहाटे बागेत गेली. तोडणीबद्दल संदेशात चकार शब्द नव्हता.

सकाळी नऊला ताई आली. काका घरी निघता निघता म्हणाले, ‘दोन नंबरचा डबा बंद ठेवलाय गं, साहेबानं सांगितलंय.’ तिने ग्रुप उघडला, संदेश वाचला. काकांनी सांगितलेला अर्थ आधीच कानावर पडलेला असल्यामुळे तिलाही तोच दिसला. तिने उत्तर लिहिलं: ‘ओके सर, डन. वी हॅव पुट ऑफ इट.’

या उत्तराने गोंधळावर शिक्कामोर्तब झालं. वाक्याचं व्याकरण चुकलेलं होतं, पण खरेदीदाराने ते समजून घेतलं: ठीक, यांनी कंटेनर पुढे ढकलला. इकडे यांचा समज: ठीक, आपण यंत्र बंद केल्याचं कळवलं. दोन्ही बाजूंचं समाधान झालं होतं आणि दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर सहमत झाले होते.

दुपारी अडीचला खरेदीदाराचा पुढचा संदेश आला: उद्या तोडणी सुरू करण्याआधी ब्रिक्स कळवा. ब्रिक्स म्हणजे मण्यातली साखर मोजल्याचा आकडा. ताईने तो ‘उद्या’ दोनदा वाचला. एका प्लॉटचा माल तुटून, निम्म्याहून जास्त पॅक होऊन प्री-कूलिंगला गेला होता. दुसऱ्या प्लॉटवर टोळी ऊन उतरल्यावर चार वाजता जाणार होती.

समोरचे पर्याय

ताईने आधी मालकांना फोन केला आणि दुसऱ्या प्लॉटची टोळी थांबवून मगच बाकीचं बोलायला घेतलं. या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय मला हा वाटतो. कोण चुकलं याचा शोध त्या क्षणी घेतला असता, तर बोलता बोलता चार वाजले असते.

त्यानंतर तीन रस्ते चर्चेत आले. पहिला, गप्प राहायचं: तुटलेला माल कोल्डरूममध्ये ठेवून गुरुवारी बाकीच्या मालाबरोबर भरायचा. द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास आणि भरपूर आर्द्रतेत नीट टिकतात, एका दिवसाने माल बिघडत नाही, असं काकांनीही फोनवर सांगितलं. पण पेट्यांवर पॅकिंगची तारीख आणि लॉटचा कोड असतो. शेतातल्या प्लॉटपासून पेटीपर्यंत माग काढता यावा म्हणूनच निर्यातीची सारी व्यवस्था आहे. तारीख लपवायची म्हणजे कोड खोटे लावायचे. मालकांनी हा रस्ता तिथेच बंद केला.

दुसरा, तुटलेला माल स्थानिक बाजारात काढायचा आणि बुधवारी नव्याने तोडायचं. यात भावाचा फटका मोठा होता आणि तेवढा दुसरा तयार माल हाताशी नव्हता.

तिसरा, खरेदीदाराला सरळ सांगायचं, तुटलेल्या मालाचे पॅलेट, म्हणजे फळीवर रचलेल्या पेट्यांचे थर, वेगळे ठेवायचे आणि उरलेली तोडणी बुधवारी करायची. अडचण जागेची होती. प्री-कूलिंगमध्ये पहिल्या कंटेनरच्या पेट्या तोवर पूर्ण निघालेल्या नव्हत्या.

काय केलं

तिसरा रस्ता धरला. पहिल्या कंटेनरचं लोडिंग दोन तास आधी उरकून जागा मोकळी केली. पहिल्या प्लॉटचा उरलेला माल त्या संध्याकाळी पॅक होऊन न थांबता आत गेला. दुसरा रीफर बंदच ठेवला. तो बुधवारी रात्री चालू करायचा होता, त्यामुळे काकांनी केलेल्या त्या एका कामाने नुकसान काहीच झालं नाही.

खरेदीदाराला काय लिहायचं यावर बराच खल झाला. ताईच्या पहिल्या मसुद्यात ‘सॉरी’ तीनदा होतं आणि नेमकी माहिती एकदाही नव्हती. शेवटी गेलेला संदेश छोटा होता. त्याचा मराठीत आशय असा: तुमच्या संदेशाचा अर्थ आम्ही यंत्र बंद ठेवा असा घेतला, एका प्लॉटची तोडणी आज झाली आहे, तो माल प्री-कूलिंगमध्ये आहे, उरलेली तोडणी बुधवारी, लोडिंग गुरुवारी, मंगळवारच्या तारखेचे पॅलेट वेगळे नोंदवून पाठवू. खरेदीदाराने देठांचे फोटो मागवले, पाहिले आणि होकार दिला.

कंटेनर गुरुवारी भरून निघाला. खर्च झाला तो कोल्डरूमच्या जादा विजेचा आणि बायकांच्या मजुरीचा: मंगळवारी त्यांना उशिरापर्यंत थांबावं लागलं आणि बुधवारी अर्धा दिवस काम नव्हतं. मालकांनी त्या अर्ध्या दिवसाचे पैसे दिले. अशा घोटाळ्याचा भुर्दंड बहुतेकदा रोजंदारीवरच्या माणसाच्या गळ्यात पडतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवते.

घोटाळा भाषेच्या अंगाने

‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. ते जोडलं की ‘बंद ठेवणे’ तयार होतं, आणि ‘पंखा ऑफ ठेव’, ‘गिझर ऑफ ठेवला का’ ही आपली रोजची वाक्यं आहेत. काकांनी केलेला अर्थ अडाणीपणाचा मुळीच नव्हता. भारतात ‘पुट ऑफ द लाइट’ सर्रास म्हणतात, आणि दिवा बंद करणे हा अर्थ ब्रिटिश इंग्रजीतही आहे.

खरी गोम पुढे आहे. चुकीचा अर्थ जर त्या प्रसंगात हास्यास्पद वाटला असता, तर काकांनी लगेच विचारलं असतं. ‘पुट द मीटिंग ऑफ’ वाचून मीटिंगची वीज कोणी बंद करणार नाही. इथे कर्म होतं ‘रीफर’, म्हणजे खरोखर बंद-चालू होणारं यंत्र. वर ‘टिल थर्सडे’ दोन्ही अर्थांना चपखल बसतं: गुरुवारपर्यंत ढकला, गुरुवारपर्यंत बंद ठेवा. खरेदीदाराच्या तोंडी ‘रीफर’ म्हणजे एक शिपमेंट; आवारात उभ्या माणसाला तो समोर घुमणारा पांढरा डबा. ‘लोडिंग’ हा एक शब्द आला असता तर हे प्रकरणच झालं नसतं.

पहिल्या दिवशी मी दोघांना विचारलं, शाळेत ‘नेव्हर पुट ऑफ टिल टुमॉरो व्हॉट यू कॅन डू टुडे’ ही म्हण शिकलात का. दोघांनाही ती पाठ होती, अर्थासकट. काका तर म्हणाले, आमच्या वर्गाच्या भिंतीवरच लिहिलेली होती. पण म्हण म्हणून ती डोक्यात एका खणात आणि कामाचं इंग्रजी दुसऱ्या खणात. दोन खणांची भेट कधी झालीच नव्हती. माझ्या शिकवण्यात मला हे वारंवार दिसतं, आणि उपाय शब्दांच्या नव्या याद्या देण्यात नाही. माहीत असलेलं वाक्य कामाच्या जागी आणून वापरायला लावण्यात आहे.

पुढे काय करायचं, यावरचा निर्णय

मालकांचं पहिलं मत होतं की असली जोडक्रियापदं वापरायचीच नाहीत, ‘पोस्टपोन’ आणि ‘कॅन्सल’ लिहायचं, विषय संपला. लिहिण्यापुरता हा नियम मला पटला. ‘पोस्टपोन’ सगळीकडे कळतं, त्यात कमीपणा नाही. पण समोरचा काय लिहील हे आपल्या हातात नाही, आणि घोटाळा वाचताना झाला होता. दुसरी सूचना फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपची होती. अ‍ॅपला वाक्य दिसतं, आवार दिसत नाही. दोन अर्थ असलेल्या वाक्यात नेमकं आवारच महत्त्वाचं असतं.

म्हणून ठरलं असं: लिहिताना साधं क्रियापद आणि तारीख, वाचताना मात्र ‘पुट ऑफ’च्या सगळ्या वाटा ओळखता आल्या पाहिजेत. पाळी बदलताना, दोघंही हजर असतील त्या वेळात, ग्रुपवरचेच जुने संदेश घेऊन आम्ही बसलो.

सर्वांत जास्त वेळ कर्माकडे बघायला शिकण्यात गेला. कर्म काम किंवा कार्यक्रम असेल तर पुढे ढकलणे: ‘दे पुट ऑफ द इन्स्पेक्शन’. कर्म यंत्र किंवा दिवा असेल तर बहुधा बंद करणे, पण युरोपातला माणूस तिथे ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ लिहिण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथे थांबून विचारायचं. कर्म माणूस असेल तर अर्थ पार बदलतो: ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे त्या वासाने माझं मन उडालं. ‘डोन्ट पुट हर ऑफ, शी इज काउंटिंग’ म्हणजे ती मोजतेय, तिचं लक्ष विचलित करू नकोस. पेट्या मोजणाऱ्या मावशी समोरच होत्या, त्यामुळे हे वाक्य समजवावं लागलं नाही.

मग वाक्यरचना. नाम दोन्ही जागी चालतं: ‘पुट ऑफ द लोडिंग’ आणि ‘पुट द लोडिंग ऑफ’, दोन्ही बरोबर. सर्वनाम मात्र मध्येच हवं: ‘पुट इट ऑफ’. ताईचं ‘पुट ऑफ इट’ इथे चुकलं होतं. हा नियम ‘पिक अप’, ‘स्विच ऑफ’, ‘फिल अप’ अशा त्याच जातीच्या कितीतरी क्रियापदांना लागू पडतो, म्हणून तो एकदा पक्का केला की फायदा मोठा. मी वहीत लिहून न देता तोंडी घेतलं. मी म्हणायची ‘द मीटिंग’, त्यांनी म्हणायचं ‘पुट इट ऑफ’. मी ‘द व्हिजिट्स’, त्यांनी ‘पुट देम ऑफ’. जिभेला वळण लागेपर्यंत.

दुसरी अडचण ‘लोडिंग हॅज पुट ऑफ’ या वाक्याची. जुन्या संदेशांत हे पुन्हा पुन्हा सापडलं. आपण ‘लोडिंग पुढे ढकललंय’ म्हणतो, कोणी ढकललं ते सांगत नाही, आणि क्रियापदाला वेगळं काही जोडावं लागत नाही. इंग्रजीत लोडिंग स्वतः काही ढकलत नाही, म्हणून ‘हॅज बीन पुट ऑफ’. भूतकाळातही ‘पुट’ बदलत नाही, ‘पुटेड’ असं रूपच नाही. आणि पुढे दुसरं क्रियापद आलं तर ते ‘इंग’ लावून: ‘वी पुट ऑफ कटिंग द ग्रेप्स’; ‘टू कट’ नाही.

‘कॉल ऑफ’शी गल्लतही तिथेच सोडवली. पावसाने सामना रद्द झाला, संप मागे घेतला, तर ‘कॉल्ड ऑफ’. ती गोष्ट संपली. ‘पुट ऑफ’मध्ये ती होणार आहे, नंतर. अलीकडे आणायचं असेल तर आपल्या तोंडी ‘प्रीपोन’ येतं; तो शब्द भारतात रुळलेला आहे, पण परदेशी माणसाला ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहिलेलं बरं.

शेवटचा बदल उत्तर देण्याच्या पद्धतीत. ‘ओके, डन’ बंद. आलेल्या संदेशाचं उत्तर म्हणजे आपण आता काय करणार आणि काय करणार नाही, ते वारासकट लिहायचं: ‘नो पिकिंग ऑन ट्यूसडे. पिकिंग ऑन वेन्सडे. लोडिंग ऑन थर्सडे.’ यात एकही अवघड क्रियापद नाही. त्या सोमवारी रात्री एवढं लिहिलं असतं, तर ते लिहितानाच काकांच्या लक्षात आलं असतं की तोडणीचं आपल्याला काही कळलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

काकांना रात्री शंका आली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘कशाला बंद करायचं?’ हा प्रश्न पडणं म्हणजे अर्थ नीट बसत नसल्याची खूण होती. त्यांनी उत्तर स्वतः जुळवलं, कारण साहेबाला उलट विचारणं म्हणजे आपलं इंग्रजी उघडं पाडणं, असं त्यांना वाटायचं. ‘डू यू मीन लोडिंग ऑन थर्सडे?’ हे सहा शब्द त्यांच्या हाताशी असते, तर ती लाज आडवी आली नसती. आता हे वाक्य कोल्डरूमच्या दाराशी फळ्यावर लिहिलेलं आहे.

ताईच्या बाबतीत सकाळी एक गोष्ट वेगळी करता आली असती: काकांचं ऐकण्याआधी मूळ संदेश स्वतः वाचायचा. दुसऱ्याने सांगितलेला अर्थ कानात असला की डोळा तोच वाचतो. पाळी बदलताना आता आधी ताई संदेश वाचून तिचा अर्थ सांगते, मग काका त्यांचा. जुळले नाहीत तर लगेच विचारायचं.

खरेदीदाराकडूनही ‘रीफर’ऐवजी ‘लोडिंग’ची अपेक्षा करायला हरकत नव्हती. मालकांनी ती त्याला सांगावी असं मी सुचवलं. ते आधी कचरले, गिऱ्हाईकाला शिकवायचं कसं म्हणून. पण सांगितलं, आणि तेव्हापासून त्याचे संदेश तोडणी, पॅकिंग, लोडिंग अशा कामांच्या नावाने येतात.

काय झालं

एप्रिलच्या सुरुवातीला खरेदीदाराने एका लॉटबद्दल लिहिलं: ‘ब्राउन स्टेम्स पुट कस्टमर्स ऑफ.’ संदेश रात्रीच आला होता. काकांनी सकाळी ताईला सांगितलं, ‘इथं कर्म माणूस आहे. गिऱ्हाईकाचं मन उडतंय म्हणतोय, देठांमुळं.’ आपण संदेश वाचण्याआधीच काकांनी अर्थ सांगितला, हे ताईने लगेच दाखवून दिलं. त्यांची नवी पद्धत त्या सकाळी मोडली होती, अर्थ मात्र बरोबर लागला होता. त्या लॉटची तोडणी ते प्री-कूलिंग ही वेळ किती गेली ते दोघांनी मिळून तपासलं.

ताई आता ‘पुट इट ऑफ’ बरोबर लिहिते. ‘हॅज पुट ऑफ’ अजून घाईत निसटतं. काका घरी आणि आवारात ‘लाइट पुट ऑफ कर’ म्हणतात, आणि तिथे मी काही सुधारत नाही, कारण तिथे ते बरोबरच आहे. एक प्रश्न उरला आहे. रात्री दहानंतर येणाऱ्या संदेशावर पहाटेची तोडणी ठरत असेल, तर तो वाचायची जबाबदारी एकट्या रात्रपाळीवर ठेवायची का? मालकांचं म्हणणं, ताईला रात्री उठवणं बरोबर नाही. माझं म्हणणं, टोळी बागेत जाण्याआधी पहाटे चारला मालकांनीच ग्रुप बघावा. पुढच्या हंगामाआधी हे ठरवायचं आहे.